एकटीची पायवाट, सगळ्यांचा रस्ता

मुलांनो, डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव तुम्ही वाचलेलं आहे. कल्याणच्या जोशी घराण्यातली ही मुलगी १८८३ साली बोटीने अमेरिकेला गेली. फिलाडेल्फिया शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ११ मार्च १८८६ या दिवशी ती डॉक्टर झाली. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या.

पण आज मी तुम्हाला आनंदीबाईंची गोष्ट सांगणार नाही. त्याच कॉलेजातल्या आणि त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या एका मुलीची सांगणार आहे. ज्या वर्षी आनंदीबाई पदवी घेऊन मायदेशी निघाल्या, त्याच वर्षी ती तिथे दाखल झाली. दोघींचं जन्मसालही एकच, १८६५! आनंदीबाई सातासमुद्रापार परक्या देशात गेल्या होत्या. ही मुलगी मात्र अमेरिकेतलीच. तिचे पूर्वज हजारो वर्षं त्याच भूमीवर नांदत आले होते. तरीसुद्धा त्या कॉलेजात ती परकीच होती. असं कसं? तेच तर सांगायचं आहे.

तिचं नाव सुझन ला फ्लेश.

आपल्याच भूमीवर परके

१४९२ साली कोलंबस अमेरिकेजवळच्या बेटांवर पोचला. त्याला वाटलं, आपण हिंदुस्थानच्या बाजूला आलो. म्हणून त्याने तिथल्या लोकांना 'इंडियन' म्हटलं. ती चूक पुढे पाचशे वर्षं चालत राहिली! जुन्या पुस्तकांत तुम्हाला 'रेड इंडियन' असा शब्द सापडेल. कातडीच्या रंगावरून नाव ठेवणं कुणाला आवडेल? म्हणून तो शब्द आता चांगला मानत नाहीत. त्या लोकांची स्वतःची नावं आहेत. ओमाहा, नवाहो, चेरोकी, लाकोटा आणि अशी कितीतरी. अमेरिकेच्या सरकारने मान्यता दिलेल्या जमाती आज पावणेसहाशेच्या आसपास आहेत. प्रत्येकीची भाषा, गाणी, चालीरीती वेगळ्या. आपण त्या सगळ्यांना मिळून 'मूळ रहिवासी' म्हणू या.

युरोपातून आलेल्या लोकांनी हळूहळू त्यांच्या जमिनी घेतल्या आणि त्यांना ठरावीक तुकड्यांवर राहायला लावलं. त्या तुकड्यांना तिकडे 'रिझर्व्हेशन' म्हणतात. आपल्याकडे नोकरीत किंवा प्रवेशात असतं ते आरक्षण म्हणजे हे नव्हे, बरं का! हा जमातीसाठी राखून ठेवलेला जमिनीचा तुकडा. नेब्रास्का राज्यातल्या अशाच एका राखीव प्रदेशात सुझनचा जन्म झाला. तिचे वडील ओमाहा जमातीचे प्रमुख होते.

सुझन लहान असताना एक म्हातारी बाई खूप आजारी पडली. सुझन तिच्या उशाशी बसून होती. राखीव प्रदेशासाठी नेमलेल्या सरकारी डॉक्टरकडे माणूस धाडला. 'येतो' असा निरोप आला. डॉक्टर आला नाही. पुन्हा माणूस गेला. असा चार वेळा निरोप गेला आणि चारही वेळा 'येतो' हेच उत्तर आलं. पहाटे म्हातारी वारली. रोगी या जमातीतला नसता, तर डॉक्टर असाच घरी बसला असता का? छोट्या सुझनला हा प्रश्न पडला आणि तो तिने आयुष्यभर विसरला नाही.

पहिली आली, पण एकटी

सुझन आधी राखीव प्रदेशातल्या शाळेत, मग दूर न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया राज्यांत शिकली. डॉक्टर व्हायचं तर पैसा हवा. कनेक्टिकट राज्यातल्या स्त्रियांच्या एका संस्थेने आणि सरकारी खात्याने खर्च उचलला. १८८६ च्या ऑक्टोबरात ती फिलाडेल्फियाला पोचली. घरापासून हजारभर मैल दूर. आपल्या भाषेत बोलायला कोणी नाही, आपल्या चवीचं जेवण नाही. ती बहिणींना लांबलचक पत्रं लिहायची आणि त्यांतूनच घरच्यांना दुखण्याखुपण्यावर सल्लाही द्यायची.

तुम्ही आनंदीबाईंचं एक प्रसिद्ध छायाचित्र पाहिलं असेल. तीन देशांच्या तीन विद्यार्थिनी आपापल्या पोशाखात शेजारी बसल्या आहेत. नऊवारीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. त्यांतल्या केई ओकामी आणि आपली सुझन १८८९ साली एकाच समारंभात डॉक्टर झाल्या. छत्तीस जणींच्या त्या वर्गात सुझन पहिली आली! वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणारी ती अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतली पहिली स्त्री.

आणि गंमत बघा. देशातल्या स्त्रियांना सरसकट मताचा हक्क मिळाला १९२० साली. सगळ्या मूळ रहिवाशांना नागरिक म्हणून मान्यता मिळाली १९२४ साली. म्हणजे वर्गात पहिली आलेली ही डॉक्टरीण त्या देशात मत देऊ शकत नव्हती.

सुझन परत आपल्या माणसांत आली. तेराशेच्या आसपास रोगी आणि डॉक्टर एकटी ती. कधी पायी, कधी घोड्यावर, कधी घोडागाडीतून ती मैलोन् मैल जाई. बर्फ असो, वारा असो. रात्री कुणाला घर सापडावं म्हणून ती खिडकीत कंदील लावून ठेवायची, असं सांगतात. क्षयरोग पसरू नये म्हणून सगळ्यांनी एकाच पेल्याने पाणी पिऊ नका, माशा घरात येऊ देऊ नका, दारांना जाळी लावा, असं ती घरोघर समजावत असे. पुढे वर्गण्या जमवून तिने १९१३ साली वॉल्टहिल गावात रुग्णालय उभं केलं. तिथे गोरे आणि मूळ रहिवासी दोघांवरही उपचार होत. दोनच वर्षांनी, १९१५ साली, ती गेली. वय अवघं पन्नास.

किती मोठं काम! पण मुलांनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. सुझननंतर काय झालं? तिच्या मागोमाग मुलामुलींची रांग लागली का? नाही. तिच्याच काळात चार्ल्स ईस्टमन आणि कार्लोस मॉन्टेझुमा हे मूळ रहिवासी तरुणही डॉक्टर झाले. पण असे हुशार एकेकटे वर चढले आणि मागची वाट पुन्हा गवताने झाकून गेली. एकटी व्यक्ती पायवाट पाडू शकते. तिचा रस्ता व्हायला मात्र पुष्कळ पावलं लागतात.

'डॉक्टर तो डॉक्टर!' असं का नाही?

तुम्ही म्हणाल, "बाई, औषध तर सगळ्यांना सारखंच लागू पडतं. मग डॉक्टर कोणत्या जमातीचा, याने काय फरक पडतो?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तरासाठी एक उदाहरण घेऊ. नवाहो जमातीत असं मानतात, की शब्दांत शक्ती असते. वाईट बोललं तर वाईट घडतं. आपल्याकडे आजी नाही का म्हणत, "शुभ बोल रे! वास्तू तथास्तु म्हणत असते"? तस्संच. आता समजा, बाहेरून आलेला डॉक्टर नवाहो आजोबांना म्हणाला, "या शस्त्रक्रियेत तुम्ही दगावू शकता." डॉक्टरच्या दृष्टीने त्याने प्रामाणिकपणे धोका सांगितला. आजोबांच्या दृष्टीने त्याने शापच दिला! आजोबा उठून चालू लागतात आणि उपचार राहून जातो. तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत कशी सांगायची, हे त्या घरात वाढलेल्या डॉक्टरला कुणी शिकवावं लागत नाही.

दुसरं कारण आहे विश्वासाचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून वसतिशाळांत नेत असत. तिथे त्यांचे लांब केस कापत आणि आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा करत. पुढे १९७० च्या दशकात सरकारी दवाखान्यांत हजारो स्त्रियांवर पुन्हा मूल होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या अनेकींना नीट समजावून सांगितलं नव्हतं, त्यांची खरी संमती घेतली नव्हती. अशा आठवणी घरात असल्या, तर दवाखान्याची पायरी चढताना पाय अडखळणारच ना?

म्हणूनच 'आपला' डॉक्टर लागतो. पण तो होणं सोपं नाही. अमेरिकेत शाळेनंतर चार वर्षं कॉलेज, मग चार वर्षं वैद्यकीय शिक्षण आणि त्यानंतर आणखी काही वर्षं रुग्णालयात प्रशिक्षण. फी प्रचंड. बऱ्याच राखीव प्रदेशांत शाळा लहान, घरात कॉलेज पाहिलेलं कुणी नाही. एवढं करून मूल पोचलं, तरी तिथे ते एकटंच असतं.

डॉ. लोरी अर्व्हिसो अल्व्हर्ड यांचंच पाहा. न्यू मेक्सिकोच्या नवाहो मुलखातली ही मुलगी १९८५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून डॉक्टर झाली. नवाहो स्त्रियांतली पहिली शल्यविशारद म्हणून त्यांना ओळखतात. नवाहो लोक मृतदेहाला हात लावत नाहीत. आणि डॉक्टर व्हायचं म्हटलं, की पहिल्याच वर्षी मृतदेहाचं विच्छेदन! वर्गातल्या बाकीच्यांना नुसती किळस किंवा भीती वाटत असेल. लोरींना मात्र आपल्या आजीआजोबांनी घालून दिलेली मर्यादा ओलांडावी लागत होती. अशा वेळी कुणाशी बोलायचं? हे दुःख समजेल असं शेजारी कुणीतरी हवं ना?

चौदा जणांची बैठक

हे 'कुणीतरी' आपणच व्हायचं, असं १९७१ साली चौदा डॉक्टरांनी ठरवलं. सगळे मूळ रहिवासी. त्यांनी आपली एक संघटना स्थापन केली. नुसत्या डॉक्टरांसाठी नव्हे, तर डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांसाठीही. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीला काय विचारतात, शिष्यवृत्ती कुठे मिळते, नापास झालं तर काय करायचं, हे सगळं थोरल्यांनी धाकट्यांना सांगायचं. पुढे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आपली स्वतंत्र संघटनाही काढली. वेगवेगळ्या कॉलेजांत एकेकटी असलेली मुलं वर्षातून एकदा भेटू लागली. एका कॉलेजात एकच मूल असलं, तरी देशभरातली मिळून पन्नास-शंभर होतात, नाही का?

१९७३ साली नॉर्थ डकोटा विद्यापीठात आणखी एक छान उपक्रम सुरू झाला. 'इंडियन्स इन्टू मेडिसिन' हे त्याचं नाव. यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. कॉलेजच्या मुलांची वाट न बघता ते थेट शाळेतल्या मुलांकडे गेले. सातवी-आठवीपासूनच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठात राहायला बोलवायचं, प्रयोगशाळा दाखवायची, गणित-विज्ञान शिकवायचं. वसतिगृहात राहायची, कॅन्टीनमध्ये जेवायची सवय झाली, की मोठं विद्यापीठ परकं वाटत नाही. या एका उपक्रमातून आजवर दोनशेहून अधिक मूळ रहिवासी डॉक्टर तयार झाले आहेत.

पदवी मिळाली, की तिकडच्या अनेक जमातींत काय करतात ठाऊक आहे? थोरली माणसं विद्यार्थ्याच्या खांद्यावर सन्मानाने एक सुंदर घोंगडी पांघरतात. आपल्याकडे शाल घालतात ना, तशीच. आता तू आमचा आहेस, आमच्या उबेत आहेस, असा त्याचा अर्थ.

दातांची गोष्ट

दंतवैद्यांची गोष्टही अशीच आहे. जॉर्ज ब्लू स्प्रूस हे मूळ रहिवाशांतले पहिले दंतवैद्य मानले जातात. न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो जमातींतले ते. १९५६ साली ते दंतवैद्य झाले. म्हणजे सुझननंतर तब्बल सदुसष्ट वर्षांनी! आणि त्यांचं कॉलेज होतं ओमाहा शहरात. सुझनच्या जमातीचंच नाव त्या शहराला आहे. बराच काळ त्यांच्यासारखा दुसरा कुणी नव्हता. पण ते एकटे राहून गप्प बसले नाहीत. १९९० साली त्यांनी मूळ रहिवासी दंतवैद्यांची संघटना उभी केली.

अलास्काच्या लोकांनी तर कमालच केली. तिथली कितीतरी गावं अशी, की पोचायचं तर छोटं विमान नाहीतर होडी. दंतवैद्य वर्षातून काही दिवस येणार. तोवर दात दुखला तर गाल धरून बसा! मग २००३ साली अलास्कातले सहा तरुण-तरुणी पार न्यूझीलंडला गेले. तिथे ओटागो विद्यापीठात दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. लहान किडी भरायच्या, साधे दात काढायचे, मुलांना दात राखायला शिकवायचं. शिकून ते आपल्या भागात परतले. मोठ्या दंतवैद्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. एवढं कमी शिकून दातांना हात कसा लावता, असं त्यांचं म्हणणं. ती शंका काही अगदीच उडवून लावण्यासारखी नव्हती. पण २००७ साली तडजोड झाली, काम चालू राहिलं आणि पुढे असं शिक्षण अमेरिकेतच मिळू लागलं. आता दात दुखला, तर ओळखीचीच ताई तो बघते.

जमातीच्या अंगणातलं कॉलेज

आता अलीकडचं सांगते. ओक्लाहोमा राज्यात टालेक्वा नावाचं गाव आहे. चेरोकी लोकांची ती राजधानी. २०२० साली तिथे चेरोकी जमात आणि ओक्लाहोमाचं राज्य विद्यापीठ यांनी मिळून वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. इमारतीसाठी जमातीने चार कोटी डॉलर खर्च केले. जमातीच्या भूमीवर, जमातीच्या सहभागाने चालणारं देशातलं हे पहिलंच वैद्यकीय महाविद्यालय. शेजारीच जमातीचं रुग्णालय आहे. म्हणजे विद्यार्थी शिकतो तिथेच त्याच्या समाजातले आजी-आजोबा उपचाराला येतात. मे २०२४ मध्ये पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडली. तिच्यात नऊ जण मूळ रहिवासी होते. म्हणजे साधारण पाचांत एक.

'एवढेच?' असं वाटलं ना? मग हे ऐका. आज साऱ्या अमेरिकेत शंभर डॉक्टर उभे केले, तर त्यांत एकसुद्धा पुरता मूळ रहिवासी भरत नाही. त्यामानाने पाचांत एक हे फार मोठं पाऊल आहे.

पण रस्ता एकदा झाला म्हणून कायमचा राहतो, असं नाही. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कॉलेजांनी प्रवेश देताना वंशाचा विचार करू नये. सगळ्यांना एकच माप लावणं हाच खरा न्याय, असं काही लोक म्हणतात. सगळ्यांची सुरुवात एका रेषेवरून झालीच नाही, मग एकच माप कसं, असं दुसरे विचारतात. यावर घरी आई-बाबांशी जरूर बोला. निकालानंतरच्या पहिल्या प्रवेशात, २०२४ साली, वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झालेल्या मूळ रहिवासी विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा एक पंचमांशाहून अधिक घटली. आधीच मूठभर, त्यातून आणखी कमी. म्हणून उन्हाळी शिबिरं घेणाऱ्या आणि धाकट्यांचे अर्ज तपासून देणाऱ्या त्या थोरल्या ताई-दादांचं काम आज जास्तच महत्त्वाचं झालं आहे.

आणि आपल्या वर्गात?

अमेरिका लांब आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या महाराष्ट्रातही शंभरातली नऊहून अधिक माणसं आदिवासी आहेत. भिल्ल, गोंड, वारली, कोरकू, कोलाम, कातकरी, ठाकर आणि इतर अनेक. त्यांची मुलंमुली डॉक्टर, दंतवैद्य होण्याची स्वप्नं बघतात. काही होतातही. त्यांच्यासाठी जागा राखीव असतात, हे चांगलंच आहे. पण जागा मिळणं म्हणजे दार उघडणं. आत गेल्यावर कुणी 'ये, बस' म्हणालं नाही, तर उघड्या दाराचा काय उपयोग?

मी लहान मुलांना शिकवते. दरवर्षी एखादं मूल असं येतं, की त्याच्या घरी मराठी बोलत नाहीत. पहिले काही दिवस ते पाणी प्यायला जायचंसुद्धा विचारत नाही. मग मधल्या सुट्टीत त्याला वरच्या वर्गातलं कुणीतरी त्याच्याच बोलीचं भेटतं. दोघं पायरीवर बसून डबा खातात. चार-आठ दिवसांत वर्गात त्याचा हात वर होतो. मी जे शिकवते ते तेच असतं. फरक पडतो तो त्या डब्याचा.

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. तुमचं मूल वसतिगृहात जाईल, तेव्हा त्याला 'अभ्यास कर' एवढंच सांगू नका. 'तुझ्या खोलीत कुणी एकटं पडलंय का, ते बघ' असंही सांगा. आणि तुमचंच मूल तिथे एकटं असेल, तर त्याच्याआधी तिथे शिकून गेलेल्या कुणाचा तरी पत्ता शोधून त्याच्या हातात द्या. शंभर सूचनांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

मुलांनो, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या वर्गात, तुमच्या बसमध्ये, तुमच्या क्लासला असं कोण आहे, की ज्याची भाषा, गाव किंवा समाज बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे आणि जो तिथे एकटाच आहे? त्याला त्याच्या भाषेतले पाच शब्द विचारा. पाणी, भाकरी, आई, पाऊस, मित्र. ते वहीत लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांतला एक शब्द वापरून त्याला हाक मारा. चुकीचा उच्चार झाला, तर तो हसेल. हसू द्या. त्यानंतर डबा कुठे बसून खायचा, ते तुम्ही दोघं ठरवालच!